गोल्फच्या मेजर स्पर्धा देशोदेशी फिरत्या ठेवल्या पाहिजेत का?

धुऱ्यावरचा मास्तर
नमस्कार मंडळी. विषय आपल्या भागाचा नाही असं वाटेल, पण चार दिवसांपासून डोक्यात घोळून राहिला म्हणून इथं टाकतो. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात शाळेवर आहे. आठवीत एक पोट्टं आहे, बापाची चार एकर कोरडवाहू, आणि मोबाईल हातात आला की ते क्रिकेट सोडून गोल्फ पाहते. काऊन पाहते विचारलं तर म्हणे, "सर, तो बॉल लय वेळ हवेत रायते." २०२५ च्या ऑक्टोबरात रोरी मॅकिलरॉय दिल्लीत खेळून गेला तेव्हापासून त्याचं एकच सुरू, "सर, तो वर्ल्डकप होता काय?" म्हटलं नाही, स्पर्धा मोठी होती पण मेजर नव्हती. "मंग मेजर आपल्याइकडे कधी हाय?"

आता त्याला काय सांगू? मेजर म्हणजे गोल्फच्या सगळ्यात मानाच्या स्पर्धा, पुरुषांच्या अशा चार. मास्टर्स १९३४ पासून अमेरिकेतल्या ऑगस्टाच्या एकाच मैदानावर. यूएस ओपन आणि पीजीए चॅम्पियनशिप अमेरिकेत फिरतात पण अमेरिकेबाहेर पाऊल टाकत नाहीत. राहिली द ओपन, १८६० ची, सगळ्यात जुनी, ती स्कॉटलंड-इंग्लंडमध्ये फिरते आणि ब्रिटनच्या मोठ्या बेटाबाहेर आजवर फक्त तीनदा गेली, तिन्ही वेळा उत्तर आयर्लंडच्या पोर्टरशला, १९५१, २०१९ आणि २०२५. म्हणजे चारातल्या तीन एका देशात, चौथी त्याच्या जुन्या मालकाच्या घरी. आणि खेळणारे कुठले? जपान, कोरिया, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, फिजीचा विजय सिंग तर तीन मेजर जिंकला.

माझं मत सरळ आहे, या स्पर्धा फिरल्या पाहिजेत. जगाची म्हणवता तर जगात न्या. तुम्हाला काय वाटते?

पऱ्हाटीवाला
मास्तर, आधी हे सांगा का एका मैदानाले जागा किती लागते? मी वाचलं का अठरा होलले, म्हंजे अठरा खड्ड्यांच्या पुऱ्या मैदानाले, शंभर-दीडशे एकर. आमच्या पुऱ्या शिवारात एवढी ओलिताची जमीन नाई. अन् त्या गवताले पानी. मे महिन्यात ४६ डिग्रीत आमी टँकरची वाट पाहतो, तिथं हिरवं गवत कोन पाहीन?

छावणीतला सुभेदार
मास्तर, तुमच्या विद्यार्थ्याला माझा रामराम सांगा. मी कामठीच्या छावणीजवळ वाढलो, नंतर फौजेत गेलो, आणि फौजेत असलेल्या माणसाला गोल्फचं मैदान काही नवीन नसते. दहा-अकरा वर्षांचा होतो तेव्हा सुट्टीच्या दिवशी साहेब लोकांच्या बॅगा उचलायला जायचो. त्यामुळे या विषयावर मला बोलल्याशिवाय राहवत नाही, लांब झालं तर माफ करा.

तुमची भावना बरोबर आहे पण एक गोष्ट पाहा. क्रिकेटचा किंवा फुटबॉलचा वर्ल्डकप एका संस्थेचा असतो, ती ठरवते यंदा इथं, पुढच्या खेपेला तिथं. गोल्फच्या मेजरचा असा कोणी एक मालकच नाही. मास्टर्स एका खाजगी क्लबाची आहे, ऑगस्टा नॅशनलची. यूएस ओपन अमेरिकेच्या गोल्फ संघटनेची. पीजीए चॅम्पियनशिप तिथल्या व्यावसायिक गोल्फपटूंच्या संघटनेची, म्हणजे क्लबाक्लबात शिकवणाऱ्या उस्ताद लोकांची. आणि ओपन स्कॉटलंडातल्या सेंट अँड्रूजच्या आर अँड ए या संस्थेची. चार घरं, चार चुली. यांना फिरा म्हणून सांगणार कोण?

आणि 'मेजर' हा शब्दही कोणी कागदावर मंजूर केलेला नाही. १९३० साली बॉबी जोन्स चार मोठ्या स्पर्धा एका वर्षात जिंकला तेव्हा त्या चारात दोन तर हौशी खेळाडूंच्या होत्या. आज आपण जे चार मोजतो ते १९६० च्या आसपास, अर्नॉल्ड पामरच्या काळात लोकांच्या तोंडी बसले. लोकांनी मान दिला म्हणून त्या मेजर झाल्या, आणि तो मान जागेपासून वेगळा काढता येत नाही असं मला वाटते. ऑगस्टाचं बारावं होल, म्हणजे बाराव्या खड्ड्यापर्यंतचा टप्पा घ्या, लहानसं, पुढून ओढा, वारा कुठून येईल सांगता येत नाही. दरवर्षी तेच होल, म्हणून माझ्यासारख्या कामठीत बसलेल्या माणसालाही ते पाठ आहे. मास्टर्स उद्या शांघायला नेली तर ती चांगली स्पर्धा होईल, मास्टर्स नाही होणार.

संत्रानगरीचा जुना प्रेक्षक
सुभेदार साहेब, आदर राखून असहमत. "मालक नाही म्हणणार" हे कारण आपण नागपूरकरांनी ऐकायचं नाही, कारण नागपूरच्याच एका माणसानं ते खोटं पाडलं आहे.

१९७५, १९७९, १९८३, क्रिकेटचे पहिले तिन्ही वर्ल्डकप इंग्लंडात झाले. तेव्हाही लोक हेच म्हणत, उन्हाळ्यात दिवस मोठा तिथंच असतो, साठ षटकांची मॅच तिथंच बसते, मैदानं तिथंच आहेत. १९८३ ला आपण फायनलला पोचलो, आपले एन.के.पी. साळवे तेव्हा बोर्डाचे अध्यक्ष, त्यांनी लॉर्ड्सवर जादा पासेस मागितले आणि नकार मिळाला. तो त्यांच्या मनाला लागला. मग पाकिस्तानच्या बोर्डाला सोबत घेऊन त्यांनी वर्ल्डकप इकडे आणायचा चंग बांधला आणि १९८७ ला तो भारत-पाकिस्तानात झाला. साठची पन्नास षटकं केली, अडलं काय?

आणि त्यामुळे माझ्या आयुष्यात काय झालं ते सांगतो. ३१ ऑक्टोबर १९८७, नागपूरला सिव्हिल लाईन्सच्या मैदानावर भारत-न्यूझीलंड. मी तेव्हा काटोलकडच्या गावात, आंबिया बहाराची संत्री तोडणीला आलेली, बाबा म्हणाले तोडाई टाकून कुठं जातो. पहाटेच्या एसटीनं पळालो. त्या दिवशी चेतन शर्मानं ओळीनं तिघांच्या दांड्या उडवल्या, वर्ल्डकपच्या इतिहासातली पहिली हॅटट्रिक! तिसरा चॅटफिल्ड. त्याची दांडी गेली तेव्हा माझ्या शेजारचे एक काका, ओळख ना पाळख, त्यांनी माझ्या खांद्याला असं धरलं की दोन दिवस दुखत होतं. मग संध्याकाळी गावसकरचं एकदिवसीयमधलं एकुलतं एक शतक, तेही ताप अंगात असताना. वर्ल्डकप लॉर्ड्सवरच राहिला असता तर हे आमच्या डोळ्यांसमोर झालं असतं काय? घरी आल्यावर बाबा बोलले नाहीत दोन दिवस, पण तिसऱ्या दिवशी स्वतःच विचारलं, "गावसकर कसा खेळला?"

म्हणून मास्तर, तुमच्या पोट्ट्याचा प्रश्न लाखमोलाचा आहे. मैदानावर जाऊन पाहणं आणि मोबाईलवर पाहणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

वऱ्हाडी खमंग
काका, अंगावर काटा आला वाचून. +१

पटशौकीन
मी सुभेदार काकांच्या बाजूनं. आमच्याकडचं उदाहरण देतो. तळेगाव दशासरचा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, सगळ्या विदर्भाला माहीत आहे. जोड्या कुठून कुठून येतात, मध्यप्रदेशातून येतात, लोक टेम्पो करून आदल्या रात्री मुक्कामी येतात. आता कोणी म्हटलं का हा पट दरसाल वेगवेगळ्या जिल्ह्यात फिरवा, तर तो तळेगावचा पट राहील का? मधात २०१४ ला कोर्टाची बंदी आली, किती वर्षं पट नाही, बैलं इकली लोकांनी, तरी २०२१ च्या डिसेंबरात परवानगी मिळाल्यावर जीव कुठं जागा झाला? तळेगावातच. ती धावपट्टी, ती माती, अन् तिथं माझ्या आजानं जोडी पळवलेली. पट जाग्यावरच राहिला पाहिजे, जोड्यांनी तिथं यावं.

तसंच हे. ऑगस्टा त्यांचं तळेगाव आहे.

झाडीपट्टीचा पाहुणा
होय जी पटशौकीन भाऊ, पण आमच्या झाडीत उलटं आहे. भाऊबीज झाली की गावोगावी मंडई सुरू होते. आज या गावची, उद्या त्या गावची, परवा तिसऱ्या. तारखा अशा धरतात की एकमेकांवर पडू नयेत म्हणजे पावणे सगळीकडं जाऊ शकतात. लेकीबाळी माहेरी येतात, रात्रभर नाटक, सकाळी कोंबडं आरवल्यावर पडदा पडते. वडशाच्या नाटक कंपन्या तेच नाटक घेऊन गावोगाव फिरतात. प्रत्येक गावाला वर्षातून एक दिवस मान मिळते, आणि त्या एका दिवसासाठी गाव वर्षभर रस्ता नीट करते, घरं सारवते. मोठ्या गावातच नाटक ठेवा म्हटलं असतं तर आमच्यासारख्या जंगलाच्या कडेच्या गावात एक नट तरी तयार झाला असता का? आमच्या गावातून तिघं जण कंपनीत आहेत आज.

म्हणून माझं मत फिरती पाहिजे. नाटक तेच रायते जी, फक्त मांडव बदलते.

वऱ्हाडी खमंग
साहित्य संमेलनही फिरतंच की. २०१९ ला यवतमाळ, २०२३ ला वर्धा. पंजाबात घुमानलाही जाऊन आलं २०१५ ला. वर्ध्याला मी तीन दिवस होतो, दोन पिशव्या पुस्तकं अन् एक पिशवी गोरसपाक घेऊन परत आलो.

वर्धेची लेक
गोरसपाकाचं नाव काढलं म्हणजे आता मला लिहावंच लागेल.

तुम्ही सगळे पुरुषांच्याच मेजरवर बोलून राहिले. बायकांच्या गोल्फमध्ये काय झालं ते पाहा ना. तिथं आज पाच मेजर आहेत, तीन अमेरिकेत, एक ब्रिटनमध्ये आणि एक फ्रान्समध्ये एव्हियां गावात, ती २०१३ पासून मेजर धरतात. त्याच्या आधी कॅनडात एक मेजर होती, १९७९ पासून २००० पर्यंत. ती एका सिगारेट कंपनीच्या नावानं व्हायची, तिकडे तंबाखूच्या जाहिरातीवर कायदा कडक झाला, कंपनीला हात काढावा लागला आणि ती मेजर राहिली नाही, मग २००१ पासून तो मान ब्रिटनमधल्या स्पर्धेला दिला. म्हणजे सुभेदार काका, तुम्ही म्हणता तो 'मान' एका देशातून उचलून दुसऱ्या देशात ठेवता येतो, बायकांनी ठेवून दाखवला आहे. आणि एव्हियांला मेजर केल्यावर आभाळ कोसळलं नाही.

आणि अदिती अशोकचं सांगते. ७ ऑगस्ट २०२१, टोकियो ऑलिंपिक, शनिवार. पहाटे उठले, बाहेर झड लागलेली, घरात नेटवर्क नाही म्हणून गोठ्याच्या दारात उभी राहून मोबाईल वर धरून पाहिलं. म्हशीचं दूध काढायचं राहिलं, सासूबाई बोलावून राहिल्या, मी म्हटलं आई पाच मिनिटं. अठराव्या होलवर तिचा लांबून खड्ड्यात घालायचा फटका होता, बॉल कडेनं गेला. एका स्ट्रोकनं, म्हणजे एका फटक्यानं, पदक हुकलं, चौथी आली. सासूबाईंना गोल्फ म्हणजे काय माहीत नाही, पण माझं तोंड पाहून त्या म्हणाल्या, "पोरगी आपली होती का?" त्या दिवशी आमच्या घरी गोल्फ आला. ते ऑलिंपिक होतं म्हणून. ऑलिंपिक फिरते म्हणून दूरदर्शनपासून सगळ्यांनी दाखवलं. मेजर किती खेळते ती, गावात कोणाला पत्ता नसतो.

धुऱ्यावरचा मास्तर
ताई, हे कॅनडाचं मला अजिबात माहीत नव्हतं. आणि गोठ्याचं चित्र डोळ्यापुढून हलत नाही.

अकोल्याची, सध्या स्कॉटलंडात
मी इथं दोन वर्षांपासून नोकरीला. सेंट अँड्रूजला गेले होते, एक सांगते जे मला तिथं जाईपर्यंत ठाऊक नव्हतं. माझ्या डोक्यात होतं की गोल्फ म्हणजे तारेचं कुंपण, वॉचमन, आत मोठे लोक. ओल्ड कोर्स हा गोल्फचा सगळ्यात जुना पत्ता, तीसदा ओपन झाली तिथं, २०२२ ला दीडशेवी झाली, ऑस्ट्रेलियाचा कॅमरन स्मिथ जिंकला. आणि ती जागा सार्वजनिक आहे! रविवारी खेळ बंद, गावातले लोक कुत्री घेऊन, लेकरं घेऊन फिरतात. मी रविवारी गेले, अठराव्या होलवरून चालत गेले, स्विल्कनच्या दगडी पुलावर उभी राहिले. पूल एवढासा आहे, आपल्या नाल्यावरच्या फरशीएवढा. खाली ओढा, पूर्वी बाया तिथं कपडे धुवायच्या. समुद्र आणि शेतीच्या मधली ही रेताड पडीक जमीन, मेंढ्या चरायच्या, ससे बिळं करायचे, गवत आपोआप आखूड राहायचं, त्यावर लोक खेळू लागले. नांगराला निकामी म्हणून खेळायला उरली.

मला तर ते आपलं गायरानच वाटलं.

म्हणून ओपन इथून हलवू नये असं मी म्हणेन. ती नेहमी अशाच समुद्रकाठच्या जमिनीवर खेळतात, वारा आणि टणक जमीन हाच तिचा खेळ. पण पीजीए चॅम्पियनशिपबद्दल मला असं काही वाटत नाही. ती अमेरिकेत वेगवेगळ्या मैदानांवर फिरतेच आहे ना, मग तिची अशी कोणती माती आहे जी दुसऱ्या देशात मिळणार नाही?

पऱ्हाटीवाला
ताई, गायरान म्हटलं अन् पोटात तुटलं. आमच्या गावचं गायरान चाळीस एकर होतं म्हने, मी लहान असताना तिथं आमी विटीदांडू खेळलो, ढोरं चरत. आता चौफेर अतिक्रमन, अर्ध्यात मुरूम खोदून नेला, उरल्यात काटे. गावाच्या मधात सार्वजनिक जागा शेकडो वर्सं राखाची, तिथं रविवारी कोनाचंही लेकरू जाऊ शकते, हे वाचून मले त्या गावाबद्दल मनापासून आदर वाटला. पन पान्याचं माझं काही मिटलं नाई. रेतीतलं गवत तिकडं पावसावर जगते. दिल्ली-गुडगावात ते नळाच्या पान्यावर जगवा लागते. रिओत २०१६ च्या ऑलिंपिकसाठी नवं मैदान बांधलं तं निसर्गाच्या राखीव जमिनीवरून केवढा वाद झाला. फिरती स्पर्धा म्हंजे दर जागी नवं मैदान, दर जागी जमीन घेनं आलं. जमीन कोनाची जाईन ते सांगाले नको.

छावणीतला सुभेदार
पऱ्हाटीवाले भाऊ, नवीन मैदान बांधायची गरजच नाही. कलकत्त्याचा रॉयल कलकत्ता क्लब १८२९ चा आहे, ब्रिटिश बेटांबाहेरचा जगातला सगळ्यात जुना. मेलबर्न, जोहान्सबर्ग, जपान, कोरिया, सगळीकडे जुनी तयार मैदानं आहेत. नवीन मैदान बांधायचं नाही अशी अटच घाला.

वर्धेच्या ताईंनी मला विचारात पाडलं हे कबूल करतो. कॅनडाचं उदाहरण बिनतोड आहे. पण मला आता वेगळंच बोलायचं आहे, कारण आपण सगळे वरच्या मजल्यावर भांडून राहिलो आणि जिना कुठं आहे ते पाहून नाही राहिलो.

आशिया-पॅसिफिक हौशी स्पर्धा म्हणून एक आहे, २००९ पासून. ती मास्टर्सवाले आणि आर अँड ए यांनीच आशियाई संघटनेसोबत सुरू केली. ती फिरती आहे, चीन, जपान, सिंगापूर, थायलंड, न्यूझीलंड, दुबई. जिंकेल त्याला थेट मास्टर्सला आणि ओपनला प्रवेश. २०१० ला ती जपानात आली. घरच्या मैदानावर एक १८ वर्षांचं पोरगं जिंकलं, हिदेकी मात्सुयामा. पुढच्या एप्रिलात ऑगस्टाला गेला, हौशी खेळाडूंत पहिला आला. आणि बरोबर दहा वर्षांनी, २०२१ ला, मास्टर्स जिंकला, पहिला जपानी पुरुष. आपल्याकडे तेव्हा सोमवारची पहाट होती, मी जागा होतो. सगळे खेळाडूकडे पाहत होते आणि त्याच्या कॅडीनं, म्हणजे बॅग उचलणाऱ्यानं, काय केलं, अठराव्या होलची झेंड्याची काठी परत जागेवर लावली, टोपी काढली आणि रिकाम्या मैदानाकडे तोंड करून कमरेत वाकून नमस्कार केला. मी बॅगा उचललेला माणूस आहे, मला रडू आलं.

आता पाहा, मोठी स्पर्धा जागेवर राहिली, लहान स्पर्धा फिरली, आणि त्या फिरण्यातून माणूस वर आला. पटशौकीन आणि झाडीपट्टीचे पाहुणे दोघंही बरोबर आहेत असं मी का म्हणतो ते कळलं ना? जोड्यांनी तळेगावला यावं हे खरं, पण जोडी तयार व्हायला गावोगावी लहान पट लागतात.

२०२५ ला मास्टर्सवाल्यांनी अजून एक केलं, सहा देशांच्या ओपन जिंकणाऱ्यांना थेट बोलावणं दिलं. स्कॉटलंड, स्पेन, जपान, हाँगकाँग, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका. त्यात इंडियन ओपन नाही. १९६४ पासून होते आपली. माझा राग असेल तर तो इथं आहे. मेजर दिल्लीत नाही याचा नाही, दिल्लीतून मेजरला जायचा सरळ रस्ता नाही याचा आहे.

पटशौकीन
काका, "जोडी तयार व्हायला लहान पट लागतात", हे शंभर टक्के. आमच्याकडं तळेगावच्या आधी दोन-तीन गावच्या पटात जोडी उतरवल्याशिवाय कोणी आणतच नाही.

संत्रानगरीचा जुना प्रेक्षक
मुद्दा चांगला आहे पण मी माझी जागा सोडत नाही. रस्ता पाहिजे आणि स्पर्धाही पाहिजे. साळव्यांनी "आम्हाला क्वालिफायर द्या" म्हटलं नाही, फायनलच ईडन गार्डन्सवर आणली.

आणि टेनिस पाहा. चार ग्रँड स्लॅम, मेलबर्न, पॅरिस, लंडन, न्यूयॉर्क. चार शहरं, तीन खंड. कोणी फिरत नाही पण वाटणी तरी आहे. त्यातली ऑस्ट्रेलियन ओपन तर सुरुवातीला शहराशहरात फिरायची, १९०६ आणि १९१२ ला न्यूझीलंडला झाली. नंतर स्थिरावली. गोल्फमध्ये पीजीए चॅम्पियनशिप सोडून द्या म्हणत नाही मी, तीन वर्षांतून एकदा बाहेर काढा. एकदा ऑस्ट्रेलिया, एकदा जपान किंवा कोरिया, एकदा दक्षिण आफ्रिका. दक्षिण आफ्रिकेच्या गॅरी प्लेअरनं नऊ मेजर जिंकल्या आणि त्याच्या देशात एकही मेजर नाही, हे बरं दिसते का? गोल्फच्याच संघांच्या स्पर्धा घ्या, प्रेसिडेंट्स कप २०१५ ला कोरियात झालाच की, दक्षिण आफ्रिकेत २००३ ला झाला. रायडर कप स्पेन, फ्रान्स, इटलीला जाऊन आला. तंबू उभारता येतात, टीव्ही पोचते, सगळं जमते.

धुऱ्यावरचा मास्तर
पीजीएवर माझं मन बसलं आहे आता. आणि गंमत पाहा, बाहेरच्या लोकांना ती स्पर्धा फळलेलीही आहे. २००८ ला जीव मिल्खा सिंग तिथं नववा, २०१५ ला अनिर्बन लाहिरी पाचवा. आणि २००९! टायगर वूड्स तोवर मेजरमध्ये शेवटच्या दिवशी आघाडी घेऊन उतरला की जिंकायचाच, चौदा वेळा उतरला, चौदाही वेळा जिंकला. पंधराव्या वेळी त्याला हरवलं कोणी, तर कोरियाच्या जेजू बेटावरच्या शेतकऱ्याच्या मुलानं, वाय. ई. यांगनं. एकोणीस वर्षांचा होईपर्यंत त्यानं हातात गोल्फची काठी धरली नव्हती, सरावाच्या मैदानावर बॉल वेचायचं काम करायचा. आशियातला पहिला पुरुष मेजर विजेता. हे मी वर्गात सांगितलं. ते पोट्टं काही बोललं नाही, फक्त विचारलं, "सर, कोनतं पीक होतं त्याच्या बापाचं?" मला उत्तर देता आलं नाही.

सुभेदार साहेब, तुमचा राग मला पटला तरी मी म्हणेन की रस्ता आपोआप होत नाही. मोठी गोष्ट गावावरून जाणार असली की रस्ता होते. आमच्या तालुक्यात मंत्री येणार म्हटलं की खड्डे बुजतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

वर्धेची लेक
मास्तर, खड्डे बुजतात पण पावसाळ्यात परत उघडतात. म्हणून मी सुभेदार काकांच्या जिन्याच्या बाजूनं जास्त. एक वेळ मेजर नका आणू, पण एव्हियांसारखी एक स्पर्धा आशियात कायमची मेजर करा. फिरणारी नको, एकाच जागेची. बायकांच्या गोल्फमध्ये कोरिया, जपान, थायलंडच्या पोरी केव्हाच्या जिंकून राहिल्या आणि पाचातली एक मेजर आशियात नाही. पुरुषांपेक्षा हा अन्याय मोठा आहे, त्यावर कोणी धागा काढत नाही.

अकोल्याची, सध्या स्कॉटलंडात
हे मात्र खरं. या ताईंशी पूर्ण सहमत.

पऱ्हाटीवाला
मी आठ-दहा उत्तरं वाचली. माझं मत असं झालं, नवीन मैदान नाई या अटीवर पीजीए फिरू द्या. जुन्या मैदानाले लागते तेवढं पानी लागूनच रायलं. मास्टर्स अन् ओपन जागच्या जागी. अन् मास्तर, ते पोट्टं खेळते कायनं? नुसतं मोबाईलवर पाहून रायलं का?

धुऱ्यावरचा मास्तर
बरं झालं विचारलं. पऱ्हाटी उपटून झाली की वावर रिकामं होते ना, तिथं त्यानं आणि अजून चौघांनी सात खड्डे केले आहेत. खड्ड्यात वनस्पती तुपाचे रिकामे डबे पुरले, काठाला कापड बांधलेली पऱ्हाटीची काडी, तो झेंडा. काठी म्हणजे बाभळीची, खालून वाकडी आलेली फांदी, तासून चपटी केलेली. बॉल प्लास्टिकचा, क्रिकेटचा. परवा संध्याकाळी मी पाहायला गेलो. काळी माती, भेगा पडलेल्या, बॉल भेगेत अडकला की ते भांडतात, उचलायचा का तसाच मारायचा. मला नियम विचारला. मला माहीत नव्हता.

सुभेदार साहेब, भेगेत गेला तर काय करायचं?

छावणीतला सुभेदार
जसा पडला तसा मारायचा, हा खेळाचा मूळ कायदा. मारताच येत नसेल तर एक स्ट्रोक अंगावर घ्यायचा आणि दोन काठ्यांच्या अंतरात, होलच्या जवळ न जाता, बॉल टाकायचा. गुडघ्याच्या उंचीवरून हात सोडायचा, फेकायचा नाही. पण तुम्ही गावचा एक नियम करू शकता. मैदानाची जमीन उकललेली असेल तर फुकट उचलू देतात, तसा स्थानिक नियम मोठ्या क्लबातही असतो. पोरांना बसवून पाचही जणांच्या संमतीनं ठरवा आणि वहीत लिहून ठेवा, नंतर भांडण नाही.

माझ्याकडे दोन जुने सेव्हन आयर्न, म्हणजे गोल्फच्या काठ्या, पडून आहेत, एकाची मूठ गेलेली आहे, नवीन बसवून देतो. आणि वीस-पंचवीस बॉल. मला निरोपात तालुक्याच्या बसस्टँडचं नाव पाठवा, एसटीच्या पार्सलनं टाकतो.

वर्धेची लेक
काका, पाठवायच्या आधी एक कापून लहान करा. आठवीतल्या पोरांना मोठ्या माणसाची काठी लांब पडते, मग मूठ खाली धरतात आणि पाठ वाकते. आणि मास्तर, त्या पाचात पोरगी आहे का एखादी?

धुऱ्यावरचा मास्तर
दोन आहेत ताई. झेंड्याचं कापड त्यांनीच आणलं.